मदत हवी आहे: टेस्ट 'टोपॉलॉजी नाही' म्हणून परत आली

शाडूवेडा: तातडीचं आहे, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पुन्हा पाठवायचंय. एका ॲनिमेशन स्टुडिओने एका मुलीचं चित्र देऊन टेस्ट म्हणून तिचं थ्रीडी मॉडेल करायला सांगितलं होतं. केलं, पाठवलं. उत्तर आलं, "चेहरा सुंदर, पण टोपॉलॉजी नाही. ही बोलणार कशी?" टोपॉलॉजी लावायला किती वेळ लागतो? आणि कॅरेक्टर आर्टिस्ट व्हायला कोर्स लागतोच का? ९ वर्षं हेच काम करतोय, नवशिका नाही.

रात्रपाळी: सॉफ्टवेअर कुठलं? पॉलिगॉन, म्हणजे पृष्ठभागाचे तुकडे, किती? वायरफ्रेमचा, म्हणजे नुसत्या रेषांच्या जाळीचा, फोटो टाका.

निळा_पतंग: सरळ ब्लेंडर घ्या. फुकट आहे, स्कल्प्टिंग (आकार घडवणं) आणि रीटोपो (वर नवी जाळी विणणं) दोन्ही त्यातच होतं.

कोरीव: कॅरेक्टर करायचं तर झेडब्रशच. झेडरीमेशरचं बटण दाबा, जाळी आपोआप बनते, काम झालं.

रात्रपाळी: @कोरीव, दगडाला चालेल ते. बोलणाऱ्या चेहऱ्याला नाही. डोळे आणि ओठांभोवतीची रेषांची वर्तुळं हातानेच बसवावी लागतात.

निळा_पतंग: शिवाय मॅक्सन कंपनीने घेतल्यापासून झेडब्रशला भाडं भरत बसावं लागतं.

आईची_काळजी: मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिल्पकलेची पदवी ४ वर्षांची आहे, सीईटी द्यावी लागते. माझ्या मुलीसाठी सगळी चौकशी केली आहे, कागदपत्रांची यादी हवी तर सांगा.

शाडूवेडा: सॉफ्टवेअर नाही वापरलं. पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे, डोळ्यांची आखणी मी करतो. मुलगी शाडूत केली, मोबाइलने सगळीकडून फोटो काढून स्कॅन केली. फाइल ४०० एमबी झाली. हसरी आहे, हात कमरेवर.

रात्रपाळी: अहो, हे आधी सांगायचं ना! स्कॅनमध्ये लाखो त्रिकोण कसेही पडलेले असतात, रिगरला, म्हणजे मॉडेल हलावं म्हणून आत सांगाडा बसवणाऱ्याला, त्यात हाडं बसवता येत नाहीत. त्यावर चौकोनांची स्वच्छ जाळी नव्याने विणायची, तीच टोपॉलॉजी. कोपर, गुडघ्याला रेषांची किमान ३ कडी. आणि हात कमरेवर चालणार नाहीत, ए-पोझ लागते, म्हणजे हात दोन्ही बाजूंना तिरके खाली, चेहरा निर्विकार. हसू नंतर ॲनिमेटर आणतो.

कोरीव: शाडूच वापरता ना? आमच्याकडे सगळे पीओपीवर गेले.

निळा_पतंग: पीओपीचा वाद इथे नको, त्याला वेगळा धागा आहे.

मातीतून_मायामध्ये: शाडूवेडादादा, मीही मातीतूनच आले. डिस्नेत १९३०च्या दशकात जो ग्रँटच्या विभागात पात्रांचे छोटे पुतळे करायचे, ॲनिमेटर ते फिरवून पाहत आणि मग चितारत. तुमची नजर तीच आहे, ती कोर्समध्ये मिळत नाही. पण वाट लांब आहे. पहिली २ वर्षं मी खुर्च्या, बादल्या, झाडं केली, मग गर्दीतली माणसं. मुख्य पात्र सहाव्या वर्षी हातात आलं. पोर्टफोलिओत फक्त गणपती ठेवू नका. एक म्हातारा, एक प्राणी, आणि प्रत्येकाची वायरफ्रेम. शुक्रवारसाठी पूर्ण देहाचा हट्ट सोडा. स्टुडिओला विचारा, फक्त डोकं नीट करून पाठवलं तर चालेल का.

शाडूवेडा: विचारलं, चालेल म्हणाले. शाडू वाळलेला, ओठ ओले करून हसू घालवताना डावा गाल तडकला, म्हणून डोकं पुन्हा केलं. ब्लेंडर उतरवलंय. पापणीभोवती ५ वर्तुळं बसली, पण ओठांच्या कोपऱ्यात एकाच बिंदूला ७ रेषा येऊन मिळतात. फोटो टाकलाय. @रात्रपाळी, त्यातल्या कुठल्या काढू?