‘सुलभ’ की ‘सुगम्य’?

प्रश्न : अंध आणि अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मराठीत लिहिताना कुणी ‘सुलभ’ म्हणते, तर कुणी ‘सुगम्य’. हे शब्द समानार्थी मानावेत का?

उत्तर : मानू नयेत, असे माझे मत आहे. ‘सुलभ’मध्ये ‘लभ्’ धातू आहे, म्हणजे जे सहज मिळते ते. ‘सुगम्य’मध्ये ‘गम्’ आहे, म्हणजे जिथवर सहज पोहोचता येते ते. संस्कृतात गतिवाचक धातू ज्ञानवाचकही होतात आणि मराठीने तो अर्थ जपला आहे. ‘बुद्धिगम्य’ हा शब्द तर आहेच, शिवाय ‘मला त्यातले काही गम्य नाही’ असे आपण बोलतोही. त्यामुळे चाकाच्या खुर्चीसाठी इमारतीला केलेला उतार आणि अंधांसाठी केलेले चित्राचे वर्णन या दोहोंना हा एकच शब्द पुरतो. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानातही इमारती आणि वाहतुकीबरोबर माहिती व संपर्क तंत्रज्ञानाचा समावेश होता.

मी स्वतः अंध असल्यामुळे हा भेद मला रोज जाणवतो. ‘बी माय आइज’ या अ‍ॅपवर २०१५ साली डोळस स्वयंसेवक व्हिडिओ कॉलवरून पाहून सांगत. २०२३पासून कृत्रिम बुद्धिमत्ताही तिथे वर्णन करू लागली. मध्यंतरी आलेल्या एका लग्नपत्रिकेचे चित्र मी दुसऱ्याच एका अ‍ॅपला दाखवले, तेव्हा ‘केशरी पार्श्वभूमी, वर गणपती, खाली मजकूर’ एवढे सांगून ते थांबले. मुहूर्त विचारावा म्हटले, तर प्रश्न पाठवण्याच्या बटणाला नावच दिलेले नव्हते, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर प्रत्येक ठिकाणी नुसते ‘बटण’ एवढेच बोलत राहिला. अखेर मुहूर्त शेजाऱ्यांकडून वाचून घ्यावा लागला. ते अ‍ॅप विनामूल्य होते, म्हणजे सुलभ होते. सुगम्य मात्र नव्हते.

प्रश्न : मग नुसते ‘सुगम’ का नको? तो शब्द रुळलेला आहे.

उत्तर : रुळलेला आहे, पण ‘सोपे’ या अर्थाने, ‘सुगम संगीत’ आठवावे. आम्हाला सोपे करून दिलेले नको आहे. न्यायशास्त्रावरचा अवघड ग्रंथ अवघडच राहावा, फक्त त्याची पाने नुसती छायाचित्रे म्हणून न टाकता स्क्रीन रीडरला वाचता येतील अशी द्यावीत. ‘हा ग्रंथ सुगम नाही, पण सुगम्य आहे’ हे वाक्य मराठीत पूर्णपणे निर्दोष आहे.