खारीच्या शिकारीला .२२ ची फास्ट गोळी कशाला?

ओहायोकर_बाळ्या
ओहायोत १ सप्टेंबरला खारीचा सीझन उघडतो आणि दरवर्षी आमच्यात तोच वाद, .२२ एलआरची (०.२२ इंच जाडीच्या छोट्या रायफल काडतुसाची) कुठली गोळी घ्यायची. माझं मत, ४० ग्रेन वजनाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे साध्या वेगाची, घ्या, सेकंदाला १०७० फुटांच्या आसपासची, आणि गप बसा. आवाजाचा वेग साधारण ११२५, त्याच्या खाली राहिली की तो हवेतला कडकडाट होत नाही, शेजारच्या झाडावरची खार बसून राहते. १२३५ वाली हाय व्हेलॉसिटी वाटेतच आवाजाच्या वेगाखाली उतरते आणि त्या नादात वारा तिला जास्त ढकलतो. लोकांना वाटतं फास्ट म्हणजे वारा कमी लागणार, .२२ मध्ये नेमकं उलटं. वर महागही!

डोंबिवली_ते_डॅलस
बोल्ट अ‍ॅक्शनवाल्यांचं, दर गोळीला हाताने खटका ओढणाऱ्यांचं, बरंय हो! माझी सेमी-ऑटो आहे, सुटलेल्या गोळीच्या जोरावरच पुढची भरते, तुमची हळू गोळी घातली की बोल्ट पुरता मागे येत नाही आणि रिकामी पुंगळी दारातच उभी अडकते, मग बसा नखाने उकरत, बोटं मेणाने काळी. शिवाय साधी गोल नाकाची गोळी आरपार जाते, जखमी खार ढोलीत जाऊन मरते. हॉलो पॉइंट, म्हणजे नाकात खळगा असलेली गोळी, आत फुलते, खार जागेवर पडते. त्याला वेग लागतोच.

ओहायोकर_बाळ्या
डोक्यात मारा ना, २५ यार्डांत अवघड काय आहे? हॉलो पॉइंट खांद्यात बसला तर रश्श्याला उरतं काय.

शाकाहारी_सदाशिव
रामाने जिच्या पाठीवरून बोटं फिरवली तिचा रस्सा?? भारतात असतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आत गेला असतात.

ओहायोकर_बाळ्या
ती पट्टेवाली वेगळी, इथल्या ग्रे खारीची पाठ कोरी आहे, बघून घेतलंय :)

बालेवाडीचा_नेमबाज
शिकारीतलं मला कळत नाही, पण गोळी रोज हाताळतो. ५० मीटरच्या निशाण्यावर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं, कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ आणलं ते ह्याच .२२ वर, आणि मॅचची गोळी हळूच असते. पण बाळ्याभाऊ, वेगापेक्षा लॉट, म्हणजे एका वेळी बनलेली खेप, बघा. एकाच कंपनीचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगळे पडतात. आणि .२२ सारख्या रिमफायर काडतुसात ठिणगी देणारा प्रायमरचा मसाला पुंगळीच्या कडेत फिरवून पसरलेला असतो, एखाद्या जागी कमी पडला की नुसती टिक्. अशा वेळी नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबायचं, मग काडतूस जरा फिरवून परत लावायचं, बऱ्याचदा उडतं. डबे गोळा करण्याआधी दोन-तीन लॉटच्या पन्नास-पन्नास गोळ्या कागदावर मारून बघा.

कॅलिफोर्नियाची_काकू
तुमच्या भांडणात आम्हाला जागाच नाही. इथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद. आमचे हे वापरतात ती तांब्याच्या पावडरची २१ ग्रेनची, १८५० ने सुटते, म्हणजे हळू हवी म्हणून हट्ट धरला तरी ती हळू नाहीच. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, बघाल तर शिशाच्या दुप्पट पसरतो, पन्नास यार्डांवर खारीचं डोकं सोडा, अख्खी खार लागली तरी नशीब म्हणायचं. रेंजवर डबे उडवायला मात्र शिसं चालतं, तेवढंच सुख.

डोंबिवली_ते_डॅलस
काकू +१. बाळ्या, शनिवारी जातोय, स्टँडर्डचाही एक डबा घेतो. पुंगळी अडकली की फोटो इथेच टाकणार.

ओहायोकर_बाळ्या
टाक. आधी रायफल पुसून घे, गेल्या दिवाळीपासून पुसली नसशील.