अक्रोडाची हिरवी साल आणि पाने: अँटिऑक्सिडंट आहेत म्हणून पोटात घ्यायची का?

धागालेखिका: अक्रोडाच्या गरापेक्षा हिरव्या सालीत आणि पानांत अधिक अँटिऑक्सिडंट असतात, म्हणून सालीची पूड व पानांचा काढा रोज घ्यावा, असे सांगणारी पोस्ट वाचून मला राहवले नाही. अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या डीपीपीएच चाचणीत अर्क जांभळा रंग किती उतरवतो एवढेच कळते, शरीरात काय पोहोचते ते कळत नाही. गरावरील पातळ सालीतल्या एलॅजिटॅनिन या पॉलिफेनॉलांपासून (वनस्पतींतील अँटिऑक्सिडंट संयुगांपासून) एलॅजिक आम्ल सुटते व त्याचे रूपांतर आतड्यांतले जिवाणू युरोलिथिन नावाच्या संयुगांत करतात. तेही सर्वांच्या आतड्यांत सारखे होत नाही.

पर्णप्रेमी: एका चाचणीच्या मर्यादेवरून पाने मोडीत काढणे अन्यायाचे आहे. त्यांत कॅफिओइलक्विनिक आम्ले आणि क्वेर्सेटिनची ग्लायकोसाइडे ही अँटिऑक्सिडंट संयुगे आहेत. माझ्या आईच्या तळपायांचा घाम पानांच्या काढ्यानेच आटोक्यात आला. युरोपीय औषध संस्थाही हा पारंपरिक उपयोग मान्य करते.

धागालेखिका: बाहेरून लावण्यासाठी, आणि तोही चाचण्यांच्या नव्हे, दीर्घ वापराच्या आधारावर! पिण्याचा काढा त्यात कुठे आला?

रसायनवाचक: पानांवर भांडताना हिरवी साल विसरू नका. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेला सालीचा केसरंग लावल्यावर माझ्या बहिणीच्या कपाळावर फोड उठले होते, तेव्हापासून हा शब्द ऐकला की माझा संताप होतो. साल कापली की हायड्रोजुग्लोनच्या ग्लुकोसाइडपासून जुग्लोन हे रंग देणारे क्विनोन-वर्गीय संयुग तयार होते, ते त्वचेतील केराटिन या प्रथिनाशी बांधले जाते आणि म्हणूनच हातांचे डाग धुऊन जात नाहीत. हेच जुग्लोन पेशीतील ग्लुटाथायोन हे संरक्षक अँटिऑक्सिडंट खर्ची घालते व अँटिऑक्सिडंट ज्यांना रोखतात तेच ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू निर्माण करते. मग त्या पुडीला अँटिऑक्सिडंट कोणत्या तोंडाने म्हणायचे?

पर्णप्रेमी: आपण लोकांना घाबरवत आहात! मात्रेचा उल्लेखही न करता प्रत्येक वनस्पतीला विष ठरवता येईल.

रसायनवाचक: मात्रा त्या पोस्टनेही सांगितलेली नाही, आणि घरी केलेल्या पुडीत जुग्लोन किती उतरले हे मोजायला आपल्यापैकी कोणाकडे साधन आहे? फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन (गाजरातले नारिंगी रंगद्रव्य) अँटिऑक्सिडंट म्हणूनच दिले गेले होते. 1994 साली निष्कर्ष आले तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग त्या गटात अधिक आढळला.

पर्णप्रेमी: सालीची पूड पोटात घेऊ नये, एवढे नाइलाजाने मान्य करतो. पानांचा बाह्य उपयोग मात्र मी सोडणार नाही.

धागालेखिका: तो सोडा असे मी म्हटलेच नव्हते. खायचाच असेल तर गर खावा, तोही त्याची तुरट साल न काढता, कारण गरातील बहुतेक पॉलिफेनॉल त्या सालीतच असतात.