मदत हवी आहे: रेसच्या मराठीत 'शॉर्ट हेड'ला काय म्हणतात?

गॉर्डन रिचर्ड्स आणि लेस्टर पिगट या दोन इंग्लिश जॉकींवर लेख लिहितोय, छापील अंकासाठी. माहिती जमलीये, रिचर्ड्स 26 वेळा चॅम्पियन (म्हणजे सीझनमध्ये सगळ्यांत जास्त रेस जिंकणारा जॉकी) पण डर्बी, इंग्लंडची सगळ्यांत मानाची रेस, एकच, तीपण 1953 ला अठ्ठाविसाव्या प्रयत्नात पिंझा या घोड्यावर, आणि हरवलं कुणाला तर राणीच्याच घोड्याला, राज्याभिषेकाच्याच आठवड्यात! पिगटचं उलटं, चॅम्पियन 11 वेळा पण डर्बी 9.

अडलंय भाषेवर. 1972 ची डर्बी पिगटने रॉबर्टोवर 'शॉर्ट हेड'ने, म्हणजे घोड्याच्या डोक्याच्या लांबीहूनही कमी अंतराने, जिंकली, फोटो बघून निकाल लागला. 'नाकभर अंतराने' लिहिलं तर ते चूक, नाक हे वेगळं माप आहे. 'निसटता विजय' म्हटलं तर किती निसटता ते कळत नाही. ऑनलाइन भाषांतर केलं तर 'लहान डोके' आलं, हसून हसून पुरेवाट.

दुसरा अडलेला शब्द: मालक किंवा ट्रेनर वर्षाचे पैसे देऊन जॉकी बांधून ठेवतो, त्या जॉकीवर पहिला हक्क त्याचा, अशा जॉकीला काय म्हणायचं? 1966 ला ओक्स या घोड्यांच्या नव्हे तर फक्त घोडींच्या रेससाठी पिगटने आपल्या ट्रेनरची घोडी सोडून दुसऱ्या ट्रेनरची व्हॅलोरिस घेतली, जिंकला, पण ते नातं तुटलं. 'बांधील जॉकी' लिहिलं तर वेठबिगार वाटतो राव.

शब्दकोश बघून झाले, प्लीज तिकडे पाठवू नका. वाचक रेसकोर्सवर कधी न गेलेले आहेत आणि तळटीपा चालणार नाहीत. महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या सीझनला नेहमी जाणारे कुणी असाल तर सांगा, स्टँडमध्ये मराठी माणसं आपसात या दोन गोष्टींना नेमकं काय म्हणतात?