लोकांचं मत घ्यायला बैठका घेतो पण कोणी फिरकतच नाही, काय चुकतंय?

नवखी_०७: एका रस्त्याच्या प्रोजेक्टसाठी लोकांची मतं गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. दोन बैठका घेतल्या, ऑनलाइन फॉर्म टाकला, बॅनर लावले, तरी पहिल्या बैठकीला ११ जण आणि त्यातले ४ आमच्याच ऑफिसचे 😐 आणि जे आले ते नुसते भांडले. वरून साहेब म्हणतात लोकांनाच इंटरेस्ट नाही. यासाठी काही नियम, तत्त्वं वगैरे असतात का?

खडूस_काका: आधी एक सांगा, रस्त्याचं डिझाइन ठरलंय का? खरं सांगा.

नवखी_०७: हो... म्हणजे बऱ्यापैकी. टेंडरची तयारी चाललीये.

खडूस_काका: मग लोक भांडणारच ना ताई! लग्नाची तारीख काढून झाल्यावर मुलीला विचारायचं मुलगा पसंत आहे का, तसला प्रकार झाला हा. ब्रिटनमध्ये १९८५ ला शाळा बंद करण्यावरून एक केस झाली होती, गनिंग नावाची, त्यातून चार कसोट्या निघाल्या आणि तिथली कोर्टं अजून त्याच लावतात. प्रस्ताव कच्चा असतानाच विचारा, लोकांना विचार करून बोलता येईल एवढी माहिती द्या, पुरेसा वेळ द्या, आणि जे बोलले ते निर्णय घेताना खरंच मनावर घ्या. तुमची गाडी पहिल्याच कसोटीवर अडकलीये.

मधलं_बाक: काकांशी सहमत, पण सगळं ठरलेलं असलं तरी काही ना काही शिल्लक असतंच. क्रॉसिंग कुठे, झाडं कुठली वाचवायची, काम कुठल्या टोकापासून सुरू करायचं. बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत सरळ सांगा की रुंदी ठरलीये, ती बदलणार नाही, या तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. शिव्या पडतील थोड्या, पण नंतर फसवल्यासारखं वाटत नाही. शेरी अर्नस्टीन बाईंनी १९६९ मध्ये सहभागाची ८ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यात नुसती माहिती देणं, मत विचारणं हे मधल्या पायऱ्यांवर येतं आणि त्याला त्या चक्क देखावा म्हणतात, कारण विचारलं तरी ऐकलं जाईल याची खात्री काहीच नसते. आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत ते स्वतःशी तरी कबूल करावं.

घाईत_आहे: हे सगळं ठीक आहे हो पण प्रत्येकाला विचारत बसलं तर काम कधी होणार? बैठकीला तेच चार रिकामटेकडे येतात आणि तेच बोलतात.

मधलं_बाक: तेच चार येतात कारण वेळ त्यांच्या सोयीची असते. दुपारी ३ ला बैठक ठेवली तर नोकरीवाले, लहान मुलं सांभाळणारे, हातगाडीवाले कसे येणार? त्यांच्याकडे आपण जायचं, बसस्टॉपवर नकाशा घेऊन उभं राहायचं. आणि सगळ्यांना विचारायची गरजही नसते. आयर्लंडने २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिक रँडम निवडून बसवले, त्यांना तज्ज्ञांची माहिती दिली, आपापसात बोलू दिलं. गर्भपातासारखा पेटलेला विषय होता, त्यांच्या शिफारशी संसदेत गेल्या आणि २०१८ ला सार्वमत झालं.

खडूस_काका: आणि एक राहिलंच. पहिल्या बैठकीतल्या त्या ७ लोकांना नंतर कोणी कळवलं का त्यांच्या बोलण्याचं काय झालं? काय मान्य केलं, काय नाही, का नाही?

नवखी_०७: नाही 🙈 मिनिट्स फाइलला लावले फक्त.

खडूस_काका: तिथून सुरुवात करा. सात फोन म्हणजे एका दुपारचं काम.

नवखी_०७: पाच जणांना लागला फोन. एक काकू म्हणाल्या तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी परत फोन केला, आणि मग अर्धा तास क्रॉसिंगवरून झापलं 😅 पण पॉइंट बरोबर होता त्यांचा, शाळेचं गेट आमच्या नकाशात चुकीच्या बाजूला दाखवलंय. उद्या साहेबांना दाखवते.