लघुउद्योगाने पुरस्कारासाठी अर्ज करावा का?

प्रश्न – शिरोली, कोल्हापूर

नमस्कार. आमचे कास्टिंगचे (ओतीव धातूच्या भागांचे) मशीनिंग करून देणारे छोटे युनिट आहे. २२ कामगार, चार व्हीएमसी (धातू कापणारी संगणक-नियंत्रित यंत्रे) आणि तीन मोठे ग्राहक. गेल्या आठवड्यात एका संस्थेकडून फोन आला की 'उत्कृष्ट लघुउद्योजक' म्हणून माझी निवड झाली असून समारंभ, स्मृतिचिन्ह आणि मासिकातील एक पान यांसाठी ४५,००० रुपये भरावे लागतील. मी त्यांच्याकडे अर्ज केलेलाच नव्हता. दुसरीकडे, जिल्हा उद्योग केंद्राच्या जिल्हा पुरस्कारासाठी अर्ज करावा असे एका स्नेह्यांनी सुचवले आहे. पुरस्कारामुळे नवे काम मिळते का आणि मालकाने त्यासाठी आपले किती दिवस द्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – सांगली

अर्ज न करता निवड झाली असेल, तर तो पुरस्कार नसून जाहिरातीची जागा आहे, असे समजावे. मी चार वर्षांपूर्वी अशाच एका समारंभासाठी पैसे भरले. छायाचित्रे सुंदर आली, आईवडिलांना फार आनंद झाला आणि त्या आनंदाचे मोल मी कमी लेखत नाही. पण एकाही ग्राहकाच्या खरेदी विभागाने त्या स्मृतिचिन्हाविषयी आजवर विचारलेले नाही.

उत्तर – भोसरी, पुणे

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र त्यावरून सगळेच पुरस्कार निरर्थक ठरवू नयेत. मुंबईच्या आयएमसी चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने १९९६ साली सुरू केलेल्या रामकृष्ण बजाज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कारात लघुउद्योगांसाठी वेगळा गट आहे आणि त्याचे निकष अमेरिकेतील माल्कम बाल्ड्रिज पुरस्काराच्या धर्तीवर आहेत. नेतृत्व, नियोजन, ग्राहक, मोजमाप, मनुष्यबळ, कामकाज आणि प्रत्यक्ष निकाल अशा सात अंगांनी उद्योगाची तपासणी होते.

याच निकषांवर आम्ही अर्ज लिहायला बसलो, तेव्हा ग्राहकांच्या तक्रारींच्या भागाशी येऊन थांबलो. तक्रारी येत होत्या आणि त्या सोडवल्याही जात होत्या, पण सारा व्यवहार फोनवर चालत असल्यामुळे कोणता दोष वर्षात किती वेळा परत आला, हे सांगायला आमच्याकडे एक कागदही नव्हता. त्या दिवशी सुरू केलेली वही आजही चालू आहे आणि तिच्यातूनच एका फिक्स्चरची (यंत्रावर भाग पकडून ठेवणाऱ्या साधनाची) झीज हे आमच्या निम्म्या रिजेक्शनचे, म्हणजे नाकारल्या जाणाऱ्या मालाचे, कारण असल्याचे उघड झाले. पुरस्कार मिळाला नाही. परीक्षकांचा लेखी अभिप्राय मात्र मिळाला आणि तो मला आजही स्मृतिचिन्हापेक्षा मोलाचा वाटतो. अर्जाला जवळजवळ अडीच महिन्यांचे रविवार लागले. हे काम सल्लागाराकडून लिहून घेऊ नका, कारण त्यातील शिकणे मग त्याच्याकडेच राहते.

उत्तर – नाशिक, उद्योग सल्लागार

जिल्हा पुरस्काराची रक्कम मोठी नसते, पण त्यासाठी युनिट काही वर्षे सलग उत्पादनात असावे लागते आणि ते थकबाकीदार नसावे लागते. त्यामुळे ताळेबंद आणि बँकेचे कागद आपोआप एका जागी येतात, जे पुढे कर्जाच्या प्रस्तावालाही उपयोगी पडतात. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो: वाहन उद्योगातील ग्राहक नवा पुरवठादार घेताना आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगातील गुणवत्ता व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र आणि स्वतःचे व्हेंडर ऑडिट (पुरवठादाराची तपासणी) पाहतो, पुरस्कार त्यांची जागा घेऊ शकत नाही. हाती ४५,००० रुपये असतील, तर आधी केंद्र सरकारच्या योजनेतील झेड (निर्दोष उत्पादन आणि पर्यावरणाला हानी नाही) प्रमाणपत्राचा विचार करा. २०२२ साली नव्या स्वरूपात आलेल्या त्या योजनेत शुल्कावर सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के आणि लघुउद्योगांना ६० टक्के सवलत ठेवलेली होती.

प्रश्नकर्ता – शिरोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या संस्थेला आज नकार कळवला. भोसरीच्या सद्गृहस्थांचे उत्तर वाचून आमच्या पर्यवेक्षकांना गेल्या सहा महिन्यांतील तक्रारी लिहून काढायला सांगितले, तर त्यांना आठवणीतून केवळ चार सांगता आल्या. ग्राहकांच्या डेबिट नोटा (सदोष मालापोटी रक्कम वजा केल्याच्या चिठ्ठ्या) मोजल्या तेव्हा त्या अकरा निघाल्या. जिल्हा पुरस्काराचा अर्ज यंदा करणार आहे, पण त्याआधी ती वही उद्याच्या पहिल्या शिफ्टपासून सुरू होईल.