चांगला हात अडवून ठेवण्याचा उपचार: संशोधनाचा आधार कितपत?

कसबा बावड्याची आई
नमस्कार. माझ्या पाच वर्षांच्या मुलाला उजव्या बाजूची सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असून तो जवळजवळ सगळी कामे डाव्या हातानेच उरकतो. आठवड्यातून दोनदा पाऊण-पाऊण तास आम्ही थेरपीला जातो. तिथे आता डावा हात प्लास्टरमध्ये किंवा स्प्लिंटमध्ये (काढता-घालता येणाऱ्या आधारपट्टीत) ठेवून उजव्याकडून काम करवून घ्यावे, असे सुचवले आहे. धडधाकट हात कशाला जखडायचा, असे सासूबाईंचे म्हणणे आहे आणि खरे सांगायचे तर माझेही मन धजत नाही. याला संशोधनाचा आधार आहे का, आणि प्लास्टरच हवे का?

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, राजारामपुरी
आधार भक्कम आहे. अमेरिकेतील एडवर्ड टॉब यांच्या माकडांवरील प्रयोगांत असे दिसले की, संवेदना गेलेला हात माकड वापरेनासे होते, पण चांगला हात अडवला की तोच हात पुन्हा कामाला लागतो. उपचाराची मूळ कल्पना तिथली. मुलांविषयी 2021 साली प्रसिद्ध झालेली 'चॅम्प' ही चाचणी तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडते. तीत 2 ते 8 वर्षांची 118 मुले होती. उपचार घेणाऱ्यांपैकी काहींना चार आठवड्यांत 60 तास तर काहींना 30 तास थेरपी मिळाली, आणि काहींचा हात सतत प्लास्टरमध्ये तर काहींचा फक्त थेरपीपुरता स्प्लिंटमध्ये होता. जास्त तासांचा फायदा अधिक दिसला. प्लास्टर की स्प्लिंट, याने मात्र फारसा फरक पडला नाही. त्यामुळे प्लास्टरचा आग्रह मी तरी धरणार नाही.

खरी अडचण तासांची आहे. 2020 च्या एका आढाव्यानुसार एखादे ठरवलेले काम जमण्यासाठी 14 ते 25 तास, तर हाताची एकूण क्षमता वाढण्यासाठी 30 ते 40 तास सराव लागतो. तुमच्या आठवड्याला दीड तासाच्या हिशेबाने 30 तास भरायला पाच महिने जातील. म्हणून घरचा सराव थेरपिस्टकडून नीट आखून घ्या. तो या तासांत धरला जातो.

एक पालक, इचलकरंजी
आमच्या मुलीचा हात आम्ही अडवला नाही, दोन्ही हातांनी करायच्या कामांवर भर दिला. आजी भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसली की हीही शेजारी बसते: अधू हाताने शेंग धरायची, दुसऱ्याने फोडायची. सुरुवातीला शेंग निसटायची, तेव्हा मोठ्या, दोनदाण्यांच्या शेंगा निवडून दिल्या. डब्याचे झाकण उघडणे हे तिने स्वतः ठरवलेले काम होते, त्यामुळे त्यासाठी तिच्या मागे लागावे लागले नाही.

कसबा बावड्याची आई
मग हात न अडवताही चालते का? आणि रोजच्या तेल-मालिशचा उपयोग काय?

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, राजारामपुरी
चालते. तास सारखे ठेवले तर हात अडवणे आणि दोन्ही हातांनी कामे करणे, या दोन्ही पद्धतींचे परिणाम जवळपास सारखेच येतात, असे तुलनात्मक अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा मुलाला काय मानवते ते पाहून ठरवा. स्प्लिंट निवडलाच, तर काढल्यावर कातडीवर वळ किंवा लाली आहे का ते रोज पाहा, आणि मूल चालताना धडपडत असेल तर तो फक्त बसून करायच्या कामांपुरता घाला. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा भर मुलाने निवडलेले काम, ते जिथे करायचे त्याच जागी, पूर्णपणे स्वतः करण्याच्या सरावावर आहे. मालिशने त्याला बरे वाटत असेल तर जरूर करा, फक्त तो वेळ सरावाच्या तासांत धरू नका.